विश्लेषण : महाभियोगाने पद गमावणारे अमेरिकेचे पहिले न्यायाधीश आजारी होते की दोषी?

अमेरिकेची राज्यघटना लागू होऊन १५ वर्षे होत असतानाच तिच्यातील एक त्रुटी उघडी पडली. निमित्त ठरले न्यू हॅम्पशायरचे केंद्रीय जिल्हा न्यायाधीश जॉन पिकरिंग.

कोण होते पिकरिंग?

१७३७ मध्ये न्यूइंग्टन येथे जन्मलेले पिकरिंग १७६१ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले आणि पोर्ट्समथमध्ये नामांकित वकील बनले. न्यू हॅम्पशायरची राज्यघटना घडवण्यात त्यांचा वाटा होता. १७८८ मध्ये राज्याने अमेरिकेची राज्यघटना स्वीकारली, तेव्हा ते तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे ते राज्याचे सरन्यायाधीश झाले. १७९५ मध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यांना केंद्रीय न्यायालयात नेमले.

घसरण कशी झाली?

काही वर्षांतच त्यांचे मानसिक आरोग्य ढासळले आणि मद्यपान वाढले. १८०१ मध्ये त्यांचे काम दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवण्यात आले. पण ज्या कायद्याने ही सोय झाली, तोच १८०२ मध्ये रद्द झाला. पिकरिंग पुन्हा न्यायासनावर आले. त्याच वर्षी ‘एलायझा’ या जहाजाचा खटला त्यांच्यापुढे उभा राहिला. आयात कर चुकवल्याच्या आरोपावरून सरकारने ते जप्त केले होते. पिकरिंग नशेत न्यायालयात आले आणि सरकारचे साक्षीदार न ऐकताच जहाज मालकाला परत दिले.

महाभियोग का वादग्रस्त ठरला?

पिकरिंग फेडरलिस्ट, तर अध्यक्ष थॉमस जेफरसन विरोधी रिपब्लिकन पक्षाचे. जेफरसन यांनी कागदपत्रे प्रतिनिधिगृहाकडे धाडली आणि मार्च १८०३ मध्ये ४५ विरुद्ध ८ मतांनी महाभियोग मंजूर झाला. सिनेटमधील सुनावणीला पिकरिंग आलेच नाहीत. वडील भ्रमिष्ट असल्याचे मुलाने अर्जाद्वारे कळवले.

खरा पेच इथेच होता. घटनेनुसार देशद्रोह, लाचखोरी वा इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन एवढ्यासाठीच महाभियोगाने पद जाते. आजारी न्यायाधीशाला हटवण्याची तरतूदच नव्हती आणि भ्रमिष्टाचे कृत्य गुन्हा कसे ठरवायचे, असा बचाव होता. दुसरीकडे, त्यांना तसेच ठेवले तर पक्षकारांना न्याय मिळणार नव्हता. १२ मार्च १८०४ रोजी सिनेटने १९ विरुद्ध ७ मतांनी त्यांना दोषी ठरवून पदावरून दूर केले. मते पक्षनिहाय विभागली गेली.

पुढे काय?

लगेच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांच्यावर महाभियोग आला. मात्र १८०५ मध्ये ते निर्दोष सुटले. पिकरिंग यांचे ११ एप्रिल १८०५ रोजी पोर्ट्समथमध्ये निधन झाले. महाभियोगाने पद गमावलेल्या अमेरिकी न्यायाधीशांच्या यादीत पहिले नाव आजही त्यांचेच आहे.