वंशावळीत न मावलेली लेक : डॉ. आनंदीबाई जोशी

घराण्यांच्या वंशावळी जुळविताना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते. मूळ पुरुषापासून पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशी शाखा सरळ खाली उतरते. परंतु लेक सासरी गेली की तिचे नाव माहेरच्या कागदातून गळते, आणि सून घरी आली की तिचे माहेरचे नाव मागे पडते. श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही यांचा नामोच्चार होतो खरा. तथापि पिढ्या उलटल्यावर तोही थांबतो. जिच्या मागे अपत्य उरले नाही, तिचे नाव घेणारे तर घरात कोणीच राहत नाही. या रीतीमुळे केवढी थोर माणसे आपल्या दृष्टीआड होत असतील, याचा विचार करू लागताच आम्हांस डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते.

केवळ वंशावळीच्या आधारे त्यांचा शोध घ्यावयाचा म्हटले, तर पहिली अडचण नावाचीच येते. दिनांक ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या कन्येचे नाव यमुना. वडील कल्याणचे गणपतराव जोशी. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या बिजवराशी तिचा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. माहेर जोशी, सासरही जोशी; तेव्हा शोध घेणाऱ्याचा घोटाळा व्हावा हे साहजिकच होय. पुढे चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. वंशावळ लिहिणाऱ्याची रेघ या ठिकाणी थांबते. आनंदीबाईंचे खरे चरित्र मात्र येथूनच सुरू होते. त्या दुःखातूनच वैद्यकविद्या शिकण्याचा त्यांचा संकल्प दृढ झाला.

गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. स्वभावाने हट्टी व प्रसंगी कठोर. तथापि पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा निर्धार कधी ढळला नाही. बदलीच्या गावोगावी त्यांनी हा अभ्यास चालू ठेवला. कोल्हापुरास असताना पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. ते तिकडील मासिकात छापून आले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. त्यातून पत्रव्यवहार जुळला, आणि कधीही न पाहिलेली ही परदेशी स्त्री आनंदीबाईंची मावशी झाली.

परदेशगमनास समाजाचा विरोध होता. दिनांक २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपली बाजू मांडली. देशात स्त्रीवैद्यांची किती निकड आहे हे त्यांनी सांगितले, आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून पतीवाचून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रेचल बॉडले यांच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास झाला. परक्या देशातील थंडी व शाकाहारामुळे होणारे आहाराचे हाल यांनी प्रकृती खालावत गेली. पण अभ्यासात खंड पडला नाही. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला. दिनांक ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. परंतु स्वदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच. ते काम हाती घेण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. दिनांक २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

यानंतरची हकीकत आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावते. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, त्यांना जागा मिळाली व शिळेवर नाव कोरले गेले. रक्ताचे नाते नसलेल्या एका कुटुंबाने आपल्या माणसांच्या ओळीत आमच्या लेकीस बसविले. ज्या मावशीचे नाते कोणत्याही वंशवृक्षात दाखविता येत नाही, तीच तिची कायमची नोंद ठेवणारी ठरली.

आनंदीबाईंचे चरित्र आज आपणांस कळते ते त्यांच्या पत्रांमुळे, महाविद्यालयाच्या दप्तरामुळे, आणि जपान व सीरिया येथील सहाध्यायिनींसह १८८५ साली काढलेल्या छायाचित्रामुळे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत, व पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत, त्यांची चरित्रे लिहिली. दोघीही स्त्रियाच, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्येक घरी एखादी आनंदीबाई होऊन गेली असेल, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बाळंतपणे निभावणारी, वैधव्यात मुले वाढविणारी, गहाण पडलेली शेती सोडविणारी कोणी आजी, पणजी प्रत्येक घरी होऊन गेलीच असेल. तिचा शोध जुन्या पत्रांत, शाळेच्या दाखल्यांत, छायाचित्रांच्या पाठीवर, लग्नातल्या भांड्यांवर कोरलेल्या नावांत घ्यावा लागेल. आणि घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच घ्यावा लागेल. म्हणून आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे की, आपापल्या वंशावळीत प्रत्येक लेकीचे नाव, प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, गाव व मातापिता यांची नोंद या वर्षीच करावी. अल्पायुषी व निपुत्रिक स्त्रियांची नावे तर आवर्जून लिहावीत. त्यांच्यासाठी लिहिणारे दुसरे कोणी नाही.