इतिहासाचार्य राजवाडे

पांझरा नदीच्या काठी वसलेले धुळे शहर खानदेशात कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या वेळी ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपले ठाणे येथे केले आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविली. या व्यापारी शहरात एक वास्तू मात्र अशी आहे की, तिच्यातील ठेव्याचे मोल बाजारात होत नाही. हा ठेवा म्हणजे जुने कागद होत. कोणी शेतसाऱ्याविषयी लिहिलेले, कोणी वतनाच्या तंट्याविषयी, कोणी लढाईच्या धामधुमीत घाईघाईने खरडलेले, असे हे कागद ज्या पुरुषाच्या नावाने जपून ठेवले आहेत, त्याचा जन्म खानदेशात झालेला नव्हता. आयुष्याचा अखेरचा श्वास मात्र त्याने याच शहरात घेतला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्या पुरुषाचे नाव.

विश्वनाथपंतांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे नातलगांच्या आश्रयाने त्यांचे बालपण गेले आणि शिक्षण पुण्यास झाले. त्यांचे वडील बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हेही पुढे संस्कृतचे मोठे पंडित म्हणून नावारूपास आले. धाकट्याच्या शिक्षणास त्यांचा मोठाच आधार झाला.

आपल्या विद्यार्थिदशेची हकीकत राजवाड्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ असे त्या निबंधाचे नाव आहे. मोठी माणसे आपल्या बालपणाविषयी लिहू लागली म्हणजे बहुधा सारे गोड गोडच लिहितात. राजवाड्यांनी तसे केले नाही. शाळेत आपणांस काय मिळाले आणि काय मिळावयास हवे असूनही मिळाले नाही, याचा त्यांनी चोख हिशेब मांडला आहे. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी, परीक्षेपुरते वाचन आणि परक्या भाषेचे ओझे या गोष्टींचा त्यांना विलक्षण तिटकारा होता. मात्र गुरुजींना नावे ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेली पुस्तके बाजूस सारून त्यांनी ग्रंथालयातील इतर शास्त्रांचे ग्रंथ पालथे घातले. त्याच्या जोडीस नियमाने व्यायाम केला, पोहणे आणि दूरवर पायी फिरणे यांत शरीर कसले. या स्वैर अभ्यासाची किंमतही त्यांना द्यावी लागली. इ. स. १८८२ मध्ये मॅट्रिक झालेल्या या बुद्धिमान विद्यार्थ्याच्या हाती पदवी येण्यास आणखी आठ-नऊ वर्षे लागली. पण पुढे वीस-वीस कोस पायपीट करणारे पाय आणि एका जागी दिवसेन्‌दिवस बसून कागद वाचणारे मन, ही दोन्ही त्यांनी याच काळात कमावली.

त्या दिवसांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ तरुणांची मने पेटवीत होती आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून जुनी काव्ये व बखरी प्रसिद्ध होत होत्या. राजवाड्यांच्या मनावर या दोहोंचा खोल ठसा उमटला. त्यांना इंग्रजी उत्तम येत असे. तरी आपण जे लिहू ते मराठीतच लिहू, असा त्यांनी निश्चय केला आणि तो अखेरपर्यंत पाळला. काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले, पण नोकरीत त्यांचे मन रमले नाही. परभाषांतील थोर ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ मराठीत आणला. ते मासिक फार वर्षे चालू शकले नाही. याच सुमारास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. राजवाड्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते. त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही.

मराठ्यांचा इतिहास त्या वेळी लोकांना ठाऊक होता तो मुख्यतः ग्रँट डफ या इंग्रजाच्या ग्रंथावरून. डफसाहेब साताऱ्यास इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. त्याने पुष्कळ कागद पाहिले आणि इ. स. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. त्याचे परिश्रम लहान नव्हते. परंतु राजवाड्यांना असे दिसून आले की, त्याच्या दृष्टीस न पडलेले असंख्य कागद महाराष्ट्रातील गावोगावच्या घरांत पडून आहेत. ते कागद वाचल्यावाचून इतिहास लिहिणे म्हणजे साक्षीदार न तपासता निवाडा देण्यासारखे होय, असे त्यांचे मत झाले.

हे कागद होते तरी कोठे? देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी अशा वतनदारांच्या आणि जुन्या सरदारांच्या वाड्यांत ते होते. फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत. असे रुमाल माळ्यावर, फडताळात, कधी धान्याच्या कणगीमागे पडलेले असत. त्यांवरील लिपी मोडी. बोरू न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून वापरात आलेली ही वळणदार लिपी नव्या पिढीस वाचता येईनाशी झाली होती. वाचता न येणारा कागद घरात ठेवावा कशाला? म्हणून कोणी तो रद्दीत घालीत, कोणी वाण्यास पुड्या बांधावयास देत, कोणी बंबात जाळीत. जे उरत त्यांना वाळवी आणि पावसाळ्यातील ओल गिळून टाकी. प्रत्येक पावसाळ्याबरोबर महाराष्ट्राचा इतिहास थोडा थोडा नष्ट होत होता आणि त्याची खंत कोणासही नव्हती.

इ. स. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाई येथे मिळालेल्या कागदांनी या कार्यास आरंभ झाला होता. इ. स. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे या खंडात आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांचा भयंकर पराभव झाला, हे लहान मुलासही ठाऊक असते. पण त्यापूर्वीचे महिने कसे गेले, हे या पत्रांतून उलगडते. छावणीत पैसा नाही, धान्य मिळत नाही, ठरलेला खजिना वेळेवर येत नाही, अशी काळजी त्यांत व्यक्त झाली आहे. लिहिणाऱ्यास पुढे काय होणार याची कल्पना नव्हती; वाचणाऱ्यास ती असते. त्यामुळे बखरीत न सापडणारी एक धडधड या साध्या पत्रांतून जाणवते. खंडाला राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावना जोडली. कागद छापून ते थांबले नाहीत, त्यांचा अर्थही त्यांनी लावला.

यानंतर त्यांची भ्रमंती सुरू झाली ती जवळजवळ तीस वर्षे चालली. अंगात लांब कोट, डोक्यास फेटा, हातात काठी आणि बरोबर स्वयंपाकाची मोजकी भांडी, एवढाच त्यांचा संसार. आपले अन्न ते बहुधा आपणच शिजवीत. ज्या गावी कागद असल्याची वार्ता लागे, तेथे ते पायी जाऊन पोहोचत. पण गाव गाठणे सोपे, कागद मिळविणे अवघड! हा अनोळखी गृहस्थ आपले जुने दप्तर का मागतो? हा सरकारचा हेर तर नव्हे? कागद बाहेर गेले तर आपले वतन तर जाणार नाही? अशा शंका घरधन्याच्या मनात येत. शंका निराधार होती असेही म्हणता येत नाही, कारण जमिनीचे व मानपानाचे हक्क अशाच कागदांवर अवलंबून असत. तेव्हा एकदा नकार मिळाला तरी पुन्हा जावे, ओसरीवर बसावे, समजूत घालावी आणि अखेर रुमाल सुटला म्हणजे तेथेच नकला करीत बसावे, असा क्रम चाले.

कागद मिळाल्यावर दुसरे काम सुरू होई. जुन्या पत्रांवर पुष्कळदा वर्षाचा उल्लेख नसे. ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे एक आकडा आणि रबिलाखर, जमादिलावल अशा एखाद्या मुसलमानी महिन्याचे नाव, एवढीच खूण. त्या महिन्याचा कितवा चंद्र, हे त्या आकड्यावरून कळे. पत्रात कोणत्या लढाईचा उल्लेख आहे, कोण हयात आहे, छावणी कोठे आहे, हे ताडून वर्ष ठरवावे लागे. एका पत्राचे वर्ष चुकले की घटनांचा सारा क्रम चुकलाच म्हणून समजावे. अशी हजारो पत्रे तपासून राजवाड्यांनी साधनांचे बावीस खंड महाराष्ट्राच्या हाती दिले. या कामास राजाश्रय नव्हता. पैशाची ओढाताण नित्याचीच होती.

केवळ राजे आणि लढाया म्हणजे इतिहास, असे त्यांनी कधीच मानले नाही. बीड येथील पाटांगणावर त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती त्यांनी प्रसिद्ध केली आणि इ. स. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले. इ. स. १९२२ मध्ये शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ आणि इ. स. १९२४ मध्ये उत्तर कोकणाची माहिती देणारी ‘महिकावतीची बखर’ त्यांनी प्रकाशात आणली. महाराष्ट्रात लोकवस्ती कशी झाली, हे शोधण्यासाठी त्यांनी गावांच्या नावांचाही अभ्यास केला. गावाचे नाव हा त्यांच्या दृष्टीने एक लहानसा शिलालेखच होता. खानदेशचेच पाहावे. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, थाळनेर या नावांच्या शेवटी येणारे ‘नेर’ कोठून आले? संस्कृत ‘नगर’ शब्दाचे प्राकृतात ‘नयर’ झाले आणि त्याचे पुढे ‘नेर’ झाले, असे भाषेचे अभ्यासक मानतात. आज लहानसे दिसणारे एखादे ‘नेर’ एके काळी नगर असावे, हे त्यावरून ध्यानात येते.

अशा अभ्यासासाठी खानदेश ही संपन्न भूमी आहे. चाळीसगावजवळ पाटण येथील देवळात एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठास मिळालेल्या दानांची नोंद त्यात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखाचा काही भाग चक्क मराठीत आहे. थाळनेरला फारुकी राजांच्या कबरी आहेत. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला उभा आहे. दगड निदान वाळवी खात नाही. कागदाचे तसे नसते.

एकट्याने हे काम पुरे होणार नाही, हे राजवाडे जाणून होते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. परंतु राजवाड्यांचा स्वभाव एकांडा होता. आपले मत ते सडेतोड, कधी कधी फार कठोर शब्दांत मांडीत. त्यामुळे माणसे दुखावली जात आणि स्नेही दूर जात. विद्वत्तेच्या भरात त्यांनी काही अनुमाने घाईनेही केली. त्यांची सारी मते पुढील अभ्यासकांनी मान्य केली असे नाही. पण त्यांचे मत खोडून काढण्यासाठीदेखील त्यांनीच वाचविलेले कागद उघडावे लागतात!

धुळ्याशी त्यांचा ऋणानुबंध जुना होता. रामदासी वाङ्मयाच्या संशोधनास वाहून घेतलेले शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट अशी इतिहासप्रेमी मंडळी येथे होती. इ. स. १८९३ मध्ये स्थापन झालेली सत्कार्योत्तेजक सभा येथे जुनी हस्तलिखिते मिळविण्याचे काम करीत होती. आयुष्याच्या अखेरीस राजवाडे पुणे सोडून याच शहरी येऊन राहिले. वय साठीच्या पुढे गेले होते, तरी त्यांनी विश्रांती घेतली नाही. मराठी क्रियापदांचे मूळ धातू कोणते, नित्याच्या शब्दांची व्युत्पत्ती काय, याची टिपणे ते करीतच होते. ते काम अपुरे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, धुळ्यात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागे ना घरदार राहिले, ना धनसंपत्ती. राहिले ते कागदांचे रुमाल आणि अपुरी टिपणे. ज्या कागदांना वाळवीपासून वाचविण्यासाठी जन्म घालविला, त्यांच्यावर पुन्हा तोच प्रसंग ओढवणार काय, असा प्रश्न धुळ्याच्या मंडळींपुढे उभा राहिला. त्यांनी फार वेळ दवडला नाही. अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. राजवाड्यांचा धातुकोश इ. स. १९३७ मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश इ. स. १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. मंडळाच्या धुळ्यातील वास्तूत ते जुने रुमाल आजही ठेवलेले आहेत आणि मोडी शिकलेले विद्यार्थी ते सोडून वाचीत बसतात.