आषाढातली उचल

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत एक टेबल, एक वही आणि फडाचा व्यवस्थापक. गावोगावच्या यात्रा कमिटीचे पंच येतात, तारीख विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन उठतात. शिरूर आणि दौंडकडची मंडळी त्यात हमखास असतात. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांत ग्रामदैवताची यात्रा तमाशावाचून पुरी झाली असे कुणी मानत नाही. बँकेच्या नोकरीत मी या दोन तालुक्यांत काही वर्षे काढली. त्या काळी पंचांच्या तोंडी एक नाव हटकून येई : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

या नावात बाईंचे सारे आयुष्य आले. भाऊ हे वडील, मांग ही जात आणि नारायणगाव हे गाव. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे भाऊ आणि बापू या भावांनी तो गाजवला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने हा फड महाराष्ट्रभर ओळखला जाई. जी जात गावात वेशीबाहेर ठेवली जात होती, ती या मंडळींनी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि तोच फलक पाहून गाव तिकीट काढून आत येई.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. त्यांचे शिक्षण झाले ते फडातच. ढोलकीचा ठेका, झीलकऱ्यांचा सूर, गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमानेच त्यांची बाराखडी गिरवून झाली. गळा, पाय आणि अभिनय या तिन्ही गोष्टी एका अंगी येणे अवघड. त्यांच्याकडे त्या तिन्ही होत्या. लावणीत पाणी खेळावे तशा त्या खेळत आणि वगात उभ्या राहिल्या की प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणत. १९५७ साली त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे बावीस. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात नेफा आघाडीवरच्या जवानांपुढेही त्यांनी कला सादर केली.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग तमाशा न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, मूल झाले, दगडाने नाळ तोडली आणि त्या पुन्हा नाचायला बाहेर आल्या. प्रेक्षकांना हे कळले तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात.

ही गोष्ट नेहमी धैर्याची म्हणून सांगितली जाते. ती धैर्याची आहेच. पण माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले, म्हणून माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. बाई बाहेर का आल्या? कनातीच्या आत तिकीट काढून बसलेली माणसे होती. खेळ मोडला असता तर पैसे परत द्यावे लागले असते. दुसऱ्या दिवशीचा पीठमिठाचा खर्च, ट्रकचे भाडे, कलावंतांचे पगार हे सारे त्या एका रात्रीच्या गल्ल्यावर उभे होते. ज्या धंद्यात मालकीणच भांडवल असते, त्या धंद्यात मालकिणीला बाळंतपणाचीही रजा नसते.

फडाचे अर्थकारण घरातल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. मोठ्या फडात माणसे शंभराच्या घरात असतात. नाचणाऱ्या बायका, सोंगाडे, वादक, तंबू ठोकणारे, चालक, आचारी. दसऱ्याला फड बाहेर पडतो, पौष-माघापर्यंत तिकिटावर खेळ करतो आणि चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्या घेतो. पावसाळ्यात सारे बंद. पण नेमक्या याच आषाढ-श्रावणात कलावंतांना पुढच्या हंगामाची उचल द्यावी लागते. नाही दिली तर ते दुसऱ्या फडात जातात. म्हणजे कमाई शून्य असते तेव्हाच खर्च सर्वांत मोठा. मग फडमालक सावकाराचा उंबरा चढतो. हंगामात एखादा अवकाळी पाऊस आला की तंबू भिजतो, खेळ बुडतात आणि व्याज मात्र कोरडेच राहते.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आम्ही खेड्यापाड्यांत जाऊन कर्जे वाटू लागलो. विहीर, मोटार, म्हैस, शेळ्या, शिवणयंत्र, सगळ्याला योजना होती. अशाच एका आषाढात एक फडमालक माझ्या टेबलासमोर येऊन बसला. जुना ट्रक, ठिगळे लावलेला तंबू आणि दोन जनरेटर एवढेच त्याचे तारण. जामीन राहायला कुणी तयार नव्हते. मी अर्ज वाचला, योजनेत बसत नाही असा शेरा मारला आणि परत केला. नियमाने माझे काहीच चुकले नव्हते.

चैत्रात एका यात्रेत त्याचाच फड आला. बँकेचे साहेब म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. खेळ रंगला. पहाटे पंचांनी सुपारीची उरलेली रक्कम मोजून दिली, तेव्हा ती फडमालकाच्या हातात घडीभरही राहिली नाही. शेजारी सावकाराचा माणूस बसलेला होता. फडमालकाने मला ओळखले, नमस्कार केला आणि चहा मागवला. तो चहा मला आजवर पचलेला नाही.

त्याच टेबलावर मी उचलीच्याच कर्जांवर सह्या करत होतो, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. साखर कारखान्यांच्या तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदारांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, आणि त्यासाठी बँका कर्ज देतात. ऊसतोड टोळीची उचल आम्हाला व्यवसाय वाटत होती. तमाशाच्या टोळीची उचल मात्र उधळपट्टी वाटत होती.

विठाबाईंचीही वाट याच चिखलातून गेली. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. व्हिडिओ आला, घरोघरी दूरदर्शन आले, तंबू ओस पडू लागले. १९९० साली त्यांना पुन्हा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. दोन सन्मानांमध्ये तेहतीस वर्षे गेली, पण हाती शिल्लक अशी राहिली नाही. शेवटचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.  ज्यांच्या नावाने लाखांचा पुरस्कार दिला जातो, त्यांच्या स्वतःच्या उशाशी मात्र देणगीची पावती होती.

पुरस्कार वाईट नव्हेत. वृद्ध कलावंतांना मिळणारे मानधनही हवेच. पण हे सारे कलावंत थकल्यावर येते. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला आणि नाव मिळवले. फडांपुढचा पेच मात्र आईच्या वेळचाच राहिला. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र करोनाने यात्रांविना गेले. त्या दोन वर्षांत फडांना मदतीसाठी हात पसरावे लागले, कारण मागे गंगाजळी म्हणून काही नव्हतीच.

फडाला दान नको, पीककर्ज हवे. पेरणीला पैसे आणि सुगीला वसुली ही रीत आपल्या शेतकऱ्याला आणि सोसायटीच्या सचिवाला पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. फडाची पेरणी आषाढात होते आणि सुगी चैत्रात. राहुटीतल्या वहीत लिहिलेल्या सुपाऱ्या या उभ्या पिकासारख्याच असतात. शिरूर-दौंडच्या ज्या गावांत यात्रेची वर्गणी बिनबोभाट गोळा होते, तिथल्या पतसंस्थांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. सुपारीचा अर्धा पैसा पावसाळ्यातच आगाऊ दिला, तरी एखादा फडमालक सावकाराच्या दारातून परत फिरेल.

विठाबाईंना पदक दोनदा मिळाले. आषाढात पैसे देणारी बँक मात्र त्यांना भेटली नाही. अशाच एका बँकेत टेबलाच्या या बाजूला मी बसलो होतो.