धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. सहकारी साखर कारखानदारी, ग्रामीण पतपुरवठा, राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य आणि जिल्हावार बँकव्यवस्था या चार क्षेत्रांतील शासकीय धोरणांवर त्यांच्या संशोधनाचा ठसा उमटला. आडनावसाम्यामुळे काही वाचक त्यांना राजकीय नेते काकासाहेब गाडगीळ समजतात. या दोन व्यक्ती भिन्न आहेत.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

गाडगिळांचे शालेय शिक्षण नागपुरास आणि उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीविषयीचा ग्रंथ म्हणून १९२४ साली प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. तरीही हा ग्रंथ पुढे अनेक दशके महाविद्यालयांतून अभ्यासला गेला. मायदेशी परतल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात आणि नंतर सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले.

गोखले संस्था

भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली आणि रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. आकडेवारी सरकारी अहवालांतून उचलण्यापेक्षा ती स्वतः हिंडून गोळा करावी, हा संस्थेचा शिरस्ता त्यांनी घालून दिला. पुण्याच्या बाजारातील फळांची विक्री, मुंबई इलाख्यातील मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी असे विषय संस्थेने हाताळले. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या पाहण्यांतूनच गाडगिळांना ग्रामीण अर्थव्यवहाराची जी जाण आली, ती पुढे समित्यांच्या कामात उपयोगी पडली.

प्रवरेचा प्रयोग

अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरा कालव्याच्या परिसरात ऊस पिकत असे. पण गुळाचे भाव कोसळले की बागायतदार कर्जात बुडे. साखरेचे कारखाने खाजगी कंपन्यांच्या हाती होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना काढण्याचे ठरवले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. विखे पाटील गावोगाव हिंडून भागभांडवल जमवीत. गाडगीळ योजनेची आर्थिक बाजू मांडीत आणि शासनाशी बोलणी करीत. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांची सहानुभूती या प्रयत्नास लाभली. कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. गाडगीळ सुमारे दहा वर्षे त्याचे अध्यक्ष व विखे पाटील उपाध्यक्ष होते. पुण्यातील प्राध्यापकाने उसाच्या मोळीचा हिशेब करीत बसावे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

ग्रामीण पतपुरवठा

शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न गाडगिळांनी १९४५ च्या कृषी वित्त उपसमितीचे अध्यक्ष म्हणून प्रथम हाताळला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांमधून १,२७,३४३ कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. निष्पन्न झालेले चित्र धक्कादायक होते : शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के होता. सहकाराचा कायदा १९०४ साली झाला होता, हे ध्यानात घेता पन्नास वर्षांच्या प्रयत्नांचे हे फळ होते.

१९५४ च्या अहवालाने सहकार सोडून देण्याची नव्हे, तर शासनाने सहकारी संस्थांत भागीदार होण्याची आणि पतपुरवठा, विक्री व गोदामे यांची सांगड घालण्याची शिफारस केली. इंपीरियल बँकेचे १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँकेत झालेले रूपांतर याच अहवालाशी निगडित आहे. शासकीय भागीदारीमुळे संस्थांना बळ मिळाले, हे खरे. परंतु तिच्याच वाटेने राजकारणही सहकारात शिरले, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो निराधार म्हणता येत नाही.

नियोजन आयोग

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व अल्पकाळ भूषविल्यावर १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तत्पूर्वी ते नियोजनाचे कठोर टीकाकार होते. तोवर राज्यांना मिळणारे साहाय्य बव्हंशी केंद्राच्या मर्जीवर अवलंबून असे. १९६९ साली मान्य झालेल्या ‘गाडगीळ सूत्रा’ने त्यास नियम घालून दिला. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम भागवून उर्वरित निधीपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटावा. राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष अडचणी यांसाठी प्रत्येकी १० टक्के ठेवावा, असे त्याचे स्वरूप होते. मागास राज्यांच्या दृष्टीने उत्पन्नाच्या निकषाला दिलेले १० टक्के अपुरे होते. १९८० मध्ये तो वाटा वाढविण्यात आला.

त्याच सुमारास त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावे असे सुचविले. डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेली अग्रणी बँक योजना याच सूचनेवर आधारलेली आहे.

मृत्यू

१९७१ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर आयोगाची पुनर्रचना झाली आणि गाडगीळ पदावरून दूर झाले. दिल्लीहून पुण्यास परतताना रेल्वेप्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.