चवदार तळ्याचे पाणी

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगेच्या या खोऱ्यात गावोगाव तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून त्यांतील अनेकांचे बांध घातले. त्यांच्या पाण्यावर येथील धानाची शेती पिकते. तलाव भरला की साऱ्या गावाला आनंद होतो आणि तो आटला की साऱ्या गावाला घोर लागतो.

पण आपल्याच महाराष्ट्रात एके काळी एक तळे असे होते, की ज्याचे पाणी गुरे पीत, पाखरे पीत, परंतु काही माणसांना मात्र तेथे ओंजळ भरण्याची बंदी होती. ते तळे सर्वांना खुले व्हावे म्हणून जे झगडले, ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर पुढे एकदा भंडाऱ्याच्या मतदारांपुढेही उभे राहिले. त्यांच्या आयुष्यातील एका तळ्याची आणि एका नगरपालिकेची ही कथा आहे.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. घराणे मूळचे कोकणातील आंबडवे गावचे. ज्या जातींना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांपैकी एका जातीत हा मुलगा जन्मला. साताऱ्याच्या शाळेत तो शिकू लागला. परंतु तहान लागली तरी त्याला नळाला हात लावता येत नसे. शाळेच्या शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. शिपाई जागेवर नसला की तहान तशीच सोसावी लागे.

एकदा उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव आपल्या भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूरच्या स्टेशनावर मुले उतरली. पण त्यांची जात कळताच एकही गाडीवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकून ती मुले वाटेला लागली. शिदोरी बरोबर होती. परंतु रात्रभर त्यांना कोणी पाण्याचा घोट दिला नाही. त्या रात्रीची तहान भीमराव जन्मभर विसरले नाहीत.

विद्येची तहान मात्र त्यांनी कोणाला अडवू दिली नाही. 1907 साली ते मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने 1913 साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी अर्थशास्त्राची उच्च पदवी मिळवली आणि ते बॅरिस्टरही झाले. 1923 साली ते मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्याइतके शिकलेले लोक देशात थोडेच होते. तरीही त्यांच्या समाजाची स्थिती साताऱ्याच्या त्या शाळेतल्यापेक्षा फारशी निराळी नव्हती.

त्याच वर्षी एक महत्त्वाची गोष्ट घडली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्था सांभाळीत असलेली तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा त्या ठरावाचा आशय होता. कौन्सिलाने तो संमत केला. कोकणातील महाड हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, सावित्री नदीकाठचे लहानसे व्यापारी शहर. तेथील नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत हा ठराव मान्य केला आणि शहरातील चवदार तळे सर्वांना खुले झाले.

खुले झाले, ते कागदावर! नगरपालिकेच्या दप्तरात ठराव होता, परंतु तळ्याच्या काठी जुनीच रीत चालू होती. कोणी अस्पृश्य पाण्याला गेला तर त्याला मार बसेल, त्याची मजुरी तुटेल, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तीन वर्षे गेली तरी कोणी तेथे गेले नाही. ठराव करणारे सभागृहात बसले होते. पण तो अमलात आणायला बाहेरच्या माणसांच्या पावलांची गरज होती.

ती पावले 1927 साली पडली. मार्च महिन्याच्या 19 आणि 20 तारखांना महाडला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याने तिच्यासाठी खेडोपाडी हिंडून खटपट केली होती. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील सज्जनही पाठीशी उभे राहिले. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे चालत आली. शहरात तळे भरलेले असताना त्यांच्यासाठी पाणी मात्र पैसे मोजून विकत घ्यावे लागले.

20 तारखेला परिषदेचे लोक रांगा करून शांतपणे निघाले. बाजारातून ती मिरवणूक तळ्यावर आली. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून इतरही पाणी प्याले. कोणाची वस्तू त्यांनी हिरावली नाही की कोणाला अपशब्द बोलले नाहीत. नगरपालिकेने जे दिले होते, तेवढेच त्यांनी घेतले.

परंतु शहरात खळबळ उडाली. हे लोक आता देवळातही शिरणार, अशी खोटी आवई कोणीतरी उठवली. लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपात घुसला आणि परतीच्या तयारीत असलेल्या लोकांना त्याने मारहाण केली. पुष्कळ जण जखमी झाले. मार खाल्लेल्यांची संख्याही मोठी होती; बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी आपल्या माणसांना आवरले आणि कायद्याच्या मार्गाने जाण्याचा निश्चय केला. इकडे तळे बाटले असे मानून सनातनी मंडळींनी 108 घागरी पाणी बाहेर काढले आणि पंचगव्य टाकून ते शुद्ध केल्याचे जाहीर केले.

यानंतर जे घडले, ते अधिक विचार करण्यासारखे आहे. शहरातील विरोधापुढे नगरपालिका नमली. 4 ऑगस्ट 1927 रोजी तिने आपला 1924 चा ठराव रद्द केला. ज्या हातांनी दार उघडले होते, त्याच हातांनी ते लावून घेतले. ज्यांची दारिद्र्याने आणि भीतीने वाचा बसली होती, त्यांच्या बाजूने सभागृहात पुरेसे बळ उभे राहिले नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरवले. तेव्हा विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. हे तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट फार जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. तिकडे हजारो सत्याग्रही महाडला जमले होते. त्यांच्या मंडपासाठी हिंदू जमीनदारांकडून जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली.

आता काय करावे? पुढे जावे तर न्यायालयाचा हुकूम मोडतो. मागे फिरावे तर लोकांची उमेद खचते. आपली बाजू न्यायाची आहे, म्हणून न्यायालयातच ती सिद्ध करावी, असे बाबासाहेबांनी लोकांना पटवले. लोकांनी मिरवणुकीने तळ्याला फेरी घातली. पण पाण्याला कोणी हात लावला नाही. पाणी पिण्याला जेवढे धैर्य लागले होते, त्याहून कमी धैर्य या संयमाला लागले नसेल.

खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, तेव्हा विरोधकांनी वर अपील केले. तेथेही ते हरले. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. बंदीची वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नव्हते. नगरपालिकेचे तळे सर्व नागरिकांचे, ही गोष्ट आता कोणालाही खोडता येणार नव्हती.

पुढे देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे आले. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेने घटना स्वीकारली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमात तर सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे; तेथे जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येत नाही. महाडच्या नगरपालिकेने जो शब्द देऊन मागे घेतला होता, तो आता साऱ्या देशाने दिला.

1954 साली भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि बाबासाहेब तिला उभे राहिले. तेथे त्यांचा पराभव झाला. ज्यांनी प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा अधिकार देणारी घटना घडवली, त्यांनाच मतदारांनी त्या वेळी निवडले नाही! पण मत कोणाला द्यावे हे मतदारानेच ठरवायचे, हाच तर त्या अधिकाराचा अर्थ होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 6 डिसेंबर 1956 रोजी, दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले.

आज दरवर्षी मार्च महिन्यात हजारो लोक चवदार तळ्याला भेट देतात. भंडाऱ्यात 1867 साली नगरपालिका स्थापन झाली. राज्यातील अनेक शहरांत अशा संस्था आहेत. पाणी, दिवे, रस्ते आणि शाळा यांविषयी तेथे ठराव होत असतात आणि त्यांवरून वादही होतात. वाद होण्यात वाईट असे काही नाही. पण ठराव झाला म्हणजे काम संपले असे नाही. त्याचे पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचले की नाही, हे नागरिकांनी जाऊन पाहावे लागते. आणि कोणी ते अडवले तर शांतपणे, परंतु न डगमगता, आपला हक्क मागावा लागतो. महाडच्या तळ्याकाठी जमलेल्या गरीब माणसांनी हेच करून दाखवले.