रुडॉल्फ डिझेल

डिझेलवर चालणारी एखादी मोटारगाडी वाटेत एकाएकी थरथरू लागते. तिचे बळ कमी होते आणि इंजिनाचा ताल बिघडतो. अशी गाडी दुरुस्तीला नेली, तर जाणता मिस्त्री इंजिनावरील तारांची जुडी बोटांनी चाचपून पाहू लागतो. कधी कधी सारा दोष एका बारीक तारेत सापडतो. ही तार इंजेक्टरकडे जात असते. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये तेलाचा सूक्ष्म फवारा सोडणारी तोटी. तारेतून विजेचा इशारा आला की ती क्षणार्धात उघडते आणि मिटते. तार तुटली की फवारा थांबतो व तो सिलिंडर निकामी होतो. तेलाच्या एवढ्याशा थेंबाचे एवढे महत्त्व! हा थेंब नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आत कसा सोडावा, या प्रश्नाशी ज्याने अनेक वर्षे झुंज घेतली, त्याचेच नाव या इंजिनाला आणि त्याच्या तेलाला मिळाले आहे.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील मूळचे जर्मनीतील. वडील चामड्याच्या वस्तू तयार करीत आणि लहानगा रुडॉल्फ त्या हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवीत असे. मोकळा वेळ मिळाला की तो यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. १८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे गरिबीने गाठले, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्जबर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. युद्धामुळे गाड्या अडलेल्या असताना तो दूरचा प्रवास त्या मुलाने एकट्याने केला. सुदैवाने ज्यांच्या घरी तो राहिला, ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात शिकू लागला. शीतयंत्रांविषयी विख्यात असलेले कार्ल फोन लिंडे हे तेथे त्याचे गुरू होते. एके दिवशी लिंडे यांनी वर्गात सांगितले की, वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी फार तर दहा भाग कामी येतात, बाकीचे वाया जातात. रुडॉल्फने लगेच वहीच्या समासात याविषयी टिपण करून ठेवले. समासात काही लिहू नये, असे आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो; परंतु या टिपणाने त्याच्या साऱ्या आयुष्याला दिशा दिली, हे मान्य केलेच पाहिजे.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल यांनी विचार केला की, सिलिंडरमधील हवा दट्ट्याने अतिशय जोराने दाबली, तर ती इतकी तापेल की आत सोडलेले तेल ठिणगीवाचूनच पेट घेईल. १८९३ साली त्यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले. ऑग्जबर्गच्या यंत्रशाळेने प्रयोगांसाठी जागा व पैसा देऊ केला.

कल्पना कागदावर जितकी सोपी होती, तितकीच ती प्रत्यक्षात अवघड ठरली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण फुटले. त्याचे तुकडे डिझेल यांच्या अगदी जवळून गेले. ते मात्र निराश झाले नाहीत. तेल पेटते, एवढे तर सिद्ध झाले होते! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी पुन्हा चाचणी झाली. बाहेरच्या पट्ट्याने इंजिन फिरविले जात होते. असे सांगतात की, आता पट्टा इंजिनाला नव्हे, तर इंजिनच पट्ट्याला ओढीत आहे, हे एका कारागिराच्या प्रथम ध्यानी आले. तो काही बोलला नाही, त्याने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली. ते इंजिन सुमारे एक मिनिटच चालले.

खरी अडचण होती तेलाच्या थेंबाची. सिलिंडरमधील हवा इतकी दाबलेली असे की तिच्याविरुद्ध तेल आत शिरेना. अखेर त्याहूनही अधिक दाबाच्या हवेच्या झोताने तेल आत फुंकण्याची युक्ती त्यांनी योजिली. १८९७ साली तज्ज्ञांनी नव्या इंजिनाची परीक्षा घेतली, तेव्हा उष्णतेच्या शंभर भागांपैकी सव्वीस भाग कामी येतात, असे आढळले. डिझेल यांची कीर्ती जगभर पसरली. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलँडिया’ हे जहाज अशा इंजिनांवर महासागर ओलांडून गेले. परंतु हवा दाबणारे यंत्र मोठे व अवजड असे. जहाजात ते मावे, मोटारीत मावत नसे. मोटारीसाठी लहान इंजिन करण्याचा डिझेल यांनी प्रयत्न केला, पण त्यात त्यांना यश आले नाही.

मिळालेला पैसा त्यांच्याजवळ टिकला नाही. जमिनींच्या व तेलखाणींच्या व्यवहारांत तो बुडाला, प्रकृतीही ढासळली. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्रीचे जेवण आटोपून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी पाहतात तो खोली रिकामी! डेकवर त्यांची टोपी व घडी केलेला कोट मिळाला. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह आढळला. त्याच्याजवळच्या वस्तू डिझेल यांच्या मुलाने ओळखल्या. मृत्यू कसा आला, हे कोडे कायम आहे. त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

त्यांना न सुटलेला प्रश्न इतरांनी सोडविला. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली तेल थेट दाबाने आत सोडणारे लहान पंप तयार होऊ लागले आणि हवेच्या यंत्राची गरज उरली नाही. १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची डिझेल मोटार लोकांसमोर आली. पुढे १९९० नंतरच्या दशकात विजेच्या इशाऱ्याने उघडणाऱ्या इंजेक्टरांचा मोटारींत प्रसार झाला. त्यांच्या तारा गरम, हादरणाऱ्या इंजिनालगत असतात, म्हणून त्या कधी झिजतात, कधी तुटतात. मग मिस्त्री प्रथम बॅटरीची जोडणी सोडवितो, तुटलेली टोके स्वच्छ करून त्याच जाडीच्या तारेने पक्की जोडतो, वर वेष्टण चढवितो आणि कोठे घासणार नाही अशा बेताने जुडी बांधतो. गाडी सुरू होते आणि गप्प बसलेला सिलिंडर इतरांच्या तालात पुन्हा बोलू लागतो.