स्वतःच्याच नियमापुढे उभे राहिलेले आयव्ही ली

जनसंपर्काच्या व्यवसायाला पहिली लेखी आचारसंहिता देण्याचा मान आयव्ही लेडबेटर ली यांच्याकडे जातो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १८७७ साली एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे वार्ताहरकी केली आणि पुढे जॉर्ज पार्कर यांच्यासोबत प्रसिद्धीसंस्था काढली.

१९०२ च्या कोळसाखाण संपात मालकांनी मौन धरले आणि लोकमत गमावले. १९०६ मध्ये पुन्हा संपाचे सावट पडताच त्यांनी ली यांना नेमले. त्या वेळी ली यांनी संपादकांकडे एक जाहीरनामा धाडला. आपले काम उघडपणे चालेल, कोणाच्या वतीने बोलतो ते सांगितले जाईल आणि पुरवलेली माहिती अचूक असेल, असा त्याचा आशय होता. उद्योगपती पत्रकारांना दाराशीही उभे करीत नसत, त्या काळात हे वचन धाडसाचेच म्हटले पाहिजे.

कसोटीची वेळ कोलोरॅडोत आली. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याच्या सशस्त्र दलाने हल्ला केला. तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले प्राणास मुकली. खाण कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचे वर्चस्व होते. त्यांच्यासाठी ली यांनी पत्रके काढली, पण ती खाणमालकांच्या नावाने. ली यांचा हात त्यांत आहे, हे वाचकांना ठाऊक नव्हते. एका पत्रकात तर कामगार पुढाऱ्यांचे वर्षभराचे मानधन अवघ्या नऊ आठवड्यांचे म्हणून छापले गेले. पुढे औद्योगिक संबंध आयोगासमोर, मालकांनी दिलेली माहिती आपण पडताळली नव्हती, अशी कबुली त्यांना द्यावी लागली. अचूकतेचे वचन देणाऱ्याने पडताळणीच करू नये, ही चूक किरकोळ नव्हे. अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांच्या नावावर कोटी करून त्यांना विषारी वेल ठरवले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

तरीही एवढ्यावर निवाडा करणे अन्यायाचे होईल. मालकाने स्वतः कामगारांत जावे, असा ली यांचा आग्रह होता. १९१५ मध्ये धाकटे रॉकफेलर खरोखरच खाणींत उतरले, कामगारांच्या घरी गेले. गाऱ्हाणी मांडण्याची व्यवस्था झाली. संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही. ऐकून घेण्याची मर्यादा मालकानेच आखली होती.

अखेरच्या वर्षी आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीचे सल्लागार म्हणून ली यांचे नाव गाजले. वार्षिक मोबदला २५,००० डॉलर होता. ज्यूंना दिली जाणारी वागणूक अमेरिकी जनता कधीच मान्य करणार नाही, हे आपण जर्मनांना बजावले होते, असे त्यांनी १९३४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले. सल्ला खरा असेलही, पण तो बंद दाराआड दिलेला होता. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले. परकीयांची बाजू मांडणाऱ्यांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची करणारा कायदा अमेरिकेत १९३८ मध्ये झाला, तो याच समितीच्या चौकशीतून.